डोंगरातलं गलबत

नीरजा : सर, आपण चुकीच्या देवळात तर नाही ना आलो?

भास्कर : देऊळ हेच. उमरघोळची वाघजाई. हा बाहेरचा आंबा तोच आहे, ही पायरीही तीच. हिच्यावर बसून अडीच वर्षांपूर्वी मी चपला काढल्या होत्या.

नीरजा : मग तुमच्या लेखातली भिंत कुठे आहे? काल मी पुण्याहून निघाले, देवरूखला मुक्काम केला, सकाळच्या एसटीने तुमच्याबरोबर इथवर आले आणि तो अर्धा तास घाट चढले, ते त्या भिंतीसाठी. मातीच्या गिलाव्यावर काव, चुना आणि काजळीने काढलेलं गलबत. तीन डोलकाठ्या, मध्ये उभा वाघ, वाघाचं तोंड मागे वळलेलं. "समुद्र इथून पंधरा कोस दूर, आणि डोंगरातल्या माणसांनी देवीच्या घरात गलबत नांगरून ठेवलं आहे." तुमचंच वाक्य आहे, मला पाठ आहे.

भास्कर : भिंत हीच. गाभाऱ्याच्या डाव्या हाताची.

नीरजा : ही आकाशी ऑइलपेंटची भिंत आहे, सर. आणि हे काय आहे? आगबोट? धुराचं नळकांडं, वर तिरंगा, खाली "सुस्वागतम्".

भास्कर : मला काही सुचत नाहीये, नीरजाताई. कुणी कळवलं नाही मला.

नीरजा : तुम्ही नंतर कधी आलाच नव्हतात?

भास्कर : नाही जमलं. लेख आला, पंचवीस-तीस पत्रं आली, शाळेत सत्कार झाला. दिवसभर पोरांना चित्रकला शिकवायची आणि दर पंधरा दिवसांनी "आडवाटेचं नवल" या सदरासाठी नवीन जागा शोधायची. कधी आंजर्ल्याच्या बाजूला कुणाच्या ओटीवरचा कोरीव झोपाळा, कधी दाभोळला एखाद्या मशिदीजवळची दगडी वेलबुट्टी. लिहून झालेल्या ठिकाणी परत जायला सवड कुठली.

नीरजा : नखाने खरवडून बघू का थोडं? खाली काही शिल्लक असलं तर.

भास्कर : बघा.

नीरजा : नाही. खाली सिमेंट आहे. मातीचा गिलावाच काढून टाकलाय यांनी. सगळं गेलं, सर. शंभर-सव्वाशे वर्षांचं काम, आणि वरून नंबरप्लेटच्या रंगाने बोट. माझ्या पुस्तकात या गलबताला मी एक अख्खं प्रकरण ठेवलं होतं. आता त्या प्रकरणात हेच लिहीन. गावानेच आपल्या हाताने पुसलं. स्पष्ट लिहीन.

भास्कर : लिहायलाच हवं. आपल्याकडे लोकांना घरातल्या वस्तूची किंमत नसते. मी किती पोटतिडकीने लिहिलं होतं, पण कोण वाचतो.

केरू : गुरुजी? तुमीच ना? मी वरच्या मळ्यातनं बगितला, देवळात कोन तरी शिरला. म्हटला, चिपळूनचे ते मोटारसायकलवाले परत आले की काय.

भास्कर : केरूभाऊ. या. ह्या नीरजाताई, पुण्याच्या. नीरजाताई, हे केरूभाऊ. देवळाची दिवाबत्ती यांच्याकडे असते. मागच्या वेळी हेच होते माझ्याबरोबर.

केरू : व्हतो म्हंजे काय, समई धरून हुबा व्हतो. बाय, तुमाला ठाव हाय का, हे गुरुजी आमचे येवडे शिकलेले, पन त्येनी आमच्या गावाचा नाव पेपरात आनला. उमरघोळ आदी देवरूखच्या लोकांना सुदा म्हाईत नव्हता. बसा ना. खाली लादी हाय आता. आदी शेनाची जमीन व्हती, तवा चटई लागायची. आता तसाच बसायचा.

नीरजा : काका, मी जुन्या भिंतींवरच्या चित्रांचं पुस्तक लिहितेय.

केरू : पुस्तक? मंग बरा झाला, आदीच रंग दिला ता. आवडला का? देवरूखचा पेंटर आनलेला. टेंपोच्या मागं मोर काढतो ना, तो. त्येच्या हातात पेपरचा कातरन दिला, म्हटला, असा काढ. पन पेपरातला फोटो काळा. त्येला काय दिसंना. शिडा दिसली नाय, तर त्येनं नळकांडा काढलान्. आन् वाघ मागं बघत व्हता तो त्येनं सरळ केलान्. बोल्ला, म्हाताऱ्यांच्या हातनं चुकला असंल, वाघ कंदी मागं बघंल का.

नीरजा : मग तो मागे का बघत होता?

केरू : त्येचा रान मागं ऱ्हायला म्हनून. देवी दाभोळास्नं गलबतात बसली. खाडीनं चिपळूनपतूर आली, तितनं डोंगरा चढून हितं. वाघ तिच्या संगती. त्येला पान्याची सवय नाय. तो सारखा मागं बघायचा, आपला रान कुटं गेला म्हनून. आमच्यातल्या येकानं बंदरावर हमाली केलेली, त्येनं डोळ्यानं गलबता बगितलेली. तो गावाला परत आला आन् काढलान् भिंतीवर. बाकीच्या लोकांनी जन्मात दर्या बगितला नव्हता ना. त्येनला समजाया पायजे, देवी कशातनं आली ती.

नीरजा : हे सर, तुमच्या लेखात नाही.

भास्कर : जागा कमी असते सदराला. शब्द मोजून द्यावे लागतात.

नीरजा : काका, तुम्हाला हे सगळं एवढं ठाऊक होतं, मग पुसलंत का?

केरू : पेपरात आला म्हनून.

नीरजा : पेपरात तर कौतुक आलं होतं.

केरू : कौतुक पन व्हता. तो बगा, त्या खांबाला कातरन लावलाय, पिलॅश्टिकमदी घालून. मुंबैवाल्यांनी तसा करून धाडलान्. मला वाचाया येत नाय, पन कुटं काय लिवलाय ता मना ठाव हाय. वरनं पाचवी-सहावी ओळ. वाचा तुमी.

भास्कर : राहू द्या, नीरजाताई. जुना लेख आहे. आपण आधी गिलाव्याचं काही उरलंय का ते बाहेर बघू. चौथऱ्याच्या मागे टाकला असेल.

नीरजा : थांबा, वाचते. "वटवाघळांच्या विष्ठेचा दर्प सोशीत आणि कोळिष्टकांचे पडदे हातांनी दूर सारीत मी एकटाच त्या अंधारात शिरलो. जिच्यापुढे जगाने नतमस्तक व्हावे अशा या भिंतीवरून वर्षानुवर्षे कुणी साधा फडकाही फिरवलेला नाही. आपल्या घरात काय दडले आहे याची या भाबड्या गावाला गंधवार्ता नाही."

केरू : हां. तोच.

नीरजा : "एकटाच", सर?

भास्कर : लिहिण्याची एक पद्धत असते ती.

केरू : त्याचा काय नाय, बाय. मी काय मोठा मानूस. पन त्या फडक्यानं सगळा घोळ झाला. आमची पोरा मुंबैला हायत. परेलला गावकीची खोली हाय, चोवीस जन ऱ्हातात तितं. आयतवार व्हता. दादू माझा पुतन्या, त्येनं पेपर आनलान् आन् सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचलान्. आदी सगळी खूश. गावाचा नाव, देवीचा नाव. मंग ही ओळ आली. दादू सांगत व्हता, ती वाचली आन् पेपर मिटूनच ठेवला. सोमवारी तो कामावर गेला तर त्येचा साहेबच इचारतो, काय रे, तुमच्या देवळात वटवाघळा ऱ्हातात म्हने.

भास्कर : साहेबाने चेष्टा केली असेल हो.

केरू : चेष्टाच केलान्. पन पोराच्या मनाला लागला. बाकीच्यांना पन तसाच कोन कोन बोल्ला. शिमग्याला आली ती रंगाचे डबे घेऊनच आली. बोल्ली, आता लांबलांबची लोका बगायला येनार, गुरुजींनी लिवलाय तसा, आन् आमी त्येनला असा देऊळ दाखवायचा का. घरात पावना यायचा म्हटला की आपन वटी सारवतो, अंगन झाडतो. हिता तर पेपर वाचनारी लोका यायची.

नीरजा : आली का मग लोकं?

केरू : आली ना. दोगं. चिपळूनहून, मोटारसायकलवर. आंब्याखाली डबा खाल्लान् आन् गेले. आन् आता तुमी.

नीरजा : भिंत धुवायच्या आधी कुणालाच वाटलं नाही, की हे जाईल म्हणून?

केरू : वाटला तर. त्या भिंतीला पानी लावायचा नाय, फडका मारायचा नाय, हा आमचा नेमच. आज्यापासनं. खालचा सारवायचा तर येक हात सोडून सारवायचा. भिंतीवरची धूळ मोराच्या पिसानं काढायची, ती पन हळू. म्हनून तर ती टिकली. मी पोरांना बोल्लो ह्यो. तर पोरा बोल्ली, नाना, ह्यो नेम म्हनूनच आपली अब्रू गेली. गुरुजींनी सोता लिवलाय, फडका मारला नाय म्हनून. शिकलेला मानूस हाय, चित्राचा मास्तर. त्येला कळत नाय आन् तुला कळतो?

भास्कर : मी तसं म्हटलं नव्हतं. मला म्हणायचं होतं की दुर्लक्ष झालं. फडका आपला शब्द म्हणून.

केरू : आमाला कसा कळनार, गुरुजी. फडका म्हटला की आमी फडका घेतला.

नीरजा : मग तुम्ही ऐकलंत त्यांचं?

केरू : मी म्हटला, माझा नको, तुमचा पन नको, देवीला इचारू. कौल लावू. तुमाला म्हाईत हाय का कौल? देवीच्या अंगाला पाकळ्या चिकटवायच्या, दोनी बाजूंना. गुरवानं गाऱ्हाना घालायचा, प्रश्न इचारायचा आन् हुबा ऱ्हायचा. उजवी पाकळी आदी पडली तर देवीचा होकार. डावी पडली तर नाय. धोंडू गुरवानं लावला. इचारला, आई, भिंत धुवून रंग देऊ का. डावी पडली. येवडी पटकन पडली की धोंडूचा हात अजून खाली आला नव्हता.

नीरजा : म्हणजे देवी नाही म्हणाली.

केरू : नाय बोल्ली. पोरा बोल्ली, पाकळी वली नव्हती, परत लावा. परत लावला. परत डावी. मी म्हटला, झाला, चला घरी. तर दादू पुढं आला. तो हुशार. बोल्ला, प्रश्नच चुकतोय. धोंडूला बाजूला करून सोता हात जोडलान् आन् बोल्ला, आई, लांबनं पावने यायचे हायत, तुझा घर जरा आवरू का?

नीरजा : आणि उजवी पडली.

केरू : उजवी पडली. असा इचारल्यावर कुठली बाई नाय म्हनंल?

भास्कर : केरूभाऊ, तुम्ही तेव्हा मला एक पत्र टाकायचंत. रत्नागिरीला शाळेच्या पत्त्यावर. मी धावत आलो असतो.

केरू : टाकनार व्हतो. दीपाली, माझी लेक, ती लिवून देते. पन तिला कुटल्या त्वांडानं सांगू? तिच्या सासरी तर त्याच पेपरावरनं रामायन झालेला. जाऊ द्या ता.

नीरजा : सांगा ना, काका.

केरू : आमची बायको, विमला, ती ह्या देवळात झाडायची. लगीन होऊन आली तवापासनं. सकाळी उठली की आदी हितं, मंग घर. झाडू, सडा, सारवन, उंबऱ्याला रांगोळी. बाळंतपनाचे दिस सोडून खाडा नाय. गावात सगळ्यांना ठाव. दीपालीच्या सासूनं पेपर वाचलान् आन् तिला बोल्ली, कोळिष्टकांचे पडदे? हीच काय तुझ्या आईच्या हातची झाडलोट? म्हनूनच तू पन तशी. पोर रडत माहेरला आली. दोन दिस ऱ्हायली, गेली परत. पन आयशीच्या मनात तो शब्द बसला.

भास्कर : मला हे माहीत नव्हतं.

केरू : तुमाला कसा म्हाईत असनार. भिंत धुतली त्या दिशी विमला हितं आंब्याखाली बसून व्हती. पोरांनी घासायला नारळाची सोडना घेतली आन् सोड्याचा पानी. पयल्यांदा काजळी गेली. मंग गलबत येकदम उठून दिसला, बाय. असा लाल कंदी दिसला नव्हता. सगळी जना थांबली. धोंडू बोल्ला, बास करा रे. पन तवर माती फुगली व्हती. हात लावला की पापुद्रा सुटायचा. लाल पानी पायरीवरनं खाली उतरला. विमला उठली आन् घरी गेली. तवापासनं देवळात आली नाय.

नीरजा : दोन वर्षं?

केरू : ह्या शिमग्याला दोन झाली. पालखीला पन दारातनं हात जोडते. म्हटला, चल ना, लादी पुसायला तरी. तर बोल्ली, माझी झाडलोट देवीला पोचली नाय, तर आता लादी पुसून काय करू. आता मीच पुसतो.

नीरजा : सर, माझ्याकडे तुम्ही पाठवलेले फोटो आहेत. मूळ प्रिंट्स, चौदा. पेपरात एकच आला होता, बाकीचे मी पत्र टाकून मागवले होते, आठवतंय?

भास्कर : आठवतंय.

नीरजा : हा दारातून घेतलेला आहे. उंबऱ्यावर रांगोळी आहे. ताजी. हा जमिनीचा. सारवणावर बोटांच्या ओळी दिसताहेत, अजून ओलसर आहे. हा वरचा, वाशांसकट. मी भिंगाखाली बघितलाय, रंगांसाठी. तेव्हा हे डोक्यात आलं नाही. एकही कोळिष्टक नाही, सर. कुठल्याच फोटोत नाही.

भास्कर : फोटोत सगळं येतंच असं नाही. फ्लॅशमुळे बारीक गोष्टी जातात.

नीरजा : "पडदे" जातात?

भास्कर : नीरजाताई, तुम्हीही लिहिता. वाचकाला अंधारातून उजेडात न्यावं लागतं. एक वातावरण तयार करावं लागतं. त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

केरू : बाय, तुमी गुरुजींना बोलू नका. त्येनी बगितला असंल. मी म्हातारा मानूस, समईच्या उजेडात मला काय दिसतो. येखाद्या कोपऱ्यात असंल जळमट. विमलाला पन मी हाच सांगतो.

भास्कर : काय सांगता?

केरू : ती घरात मधीच इषय काढते. भाकरी थापता थापता सुदा बोलते, आवो, त्या दिशी मी वरचा पन झाडला व्हता, बांबूला झाडू बांधून. मी म्हनतो, राहिला असंल गं कुटं तरी. येवडा शिकलेला मानूस, खोटा कशाला लिवंल? त्येला काय आपल्याशी वैर हाय? मंग गप ऱ्हाते. दोन वर्सा हाच चाललाय आमच्यात.

भास्कर : तुम्ही तिला म्हणता की चूक तिचीच असेल.

केरू : मंग काय म्हनू? तुमी आमच्या दारी आलात, ताक प्यालात. तुमच्यावर कसा संशय घेऊ? आन् पुस्तकात लिवायचा असंल तर, बाय, गावाचा नाव घालू नका. लिवा, केरूनं पुसला. भिंत माझ्या ताब्यात व्हती. देवीनं दोनदा नाय सांगितला आन् मी हुबा ऱ्हायलो. लाज वाटते मला. पेपरच्या ओळीला भ्यालो आन् देवीला नाय भ्यालो.

(नीरजा वहीत केरूचं नाव लिहिते. बाहेर आंब्यावर कावळा ओरडतो.)

भास्कर : नीरजाताई, ती वही उघडी आहे ना तुमची?

नीरजा : आहे.

भास्कर : केरूभाऊंचं नाव खोडा.

नीरजा : सर?

भास्कर : कोळिष्टकं नव्हती, केरूभाऊ. वटवाघळंही नव्हती. मी आलो तेव्हा देऊळ तुमच्या घरासारखं लख्ख होतं. दारात मला शेणाचा आणि उदबत्तीचा वास आला, तो मला अजून आठवतो. मी म्हटलंसुद्धा होतं तुम्हाला, काय प्रसन्न वाटतंय म्हणून.

केरू : बोल्ला व्हता. मी विमलाला सांगितला पन व्हता तवा.

भास्कर : तुम्ही दुपारभर समई धरून उभे होतात. तेल हातावर ओघळलं तरी हलला नाहीत. एकेक चित्र समजावून दिलंत. मी रत्नागिरीला जाऊन लिहायला बसलो, तर पहिला परिच्छेद जमेना. एका माणसाने मला स्वच्छ देवळाचं दार उघडून दिलं आणि चित्र दाखवलं, यात नवल कसलं? मी कुठे आहे त्यात? दोन कागद फाडले. मग ती वटवाघळं सुचली. ती आली तशी कोळिष्टकंही आली, आणि मी ती हातांनी दूर सारली. वाचून बघितलं, छान वाटलं. शाळेत सत्काराच्या वेळी मुख्याध्यापकांनी नेमका तोच परिच्छेद वाचून दाखवला आणि मी मान खाली घालून हसलो. लोकांना वाटलं, विनय.

नीरजा : आणि मघाशी, मी गावावर लिहिते म्हटल्यावर?

भास्कर : मघाशी मी म्हटलं, लिहायलाच हवं. हे पायरीवर आल्या आल्या मला कळलं होतं, नीरजाताई. आकाशी रंग दिसला आणि "फडका" हा शब्द आठवला. तरी म्हटलं. आणि हे केरूभाऊ सगळं स्वतःवर घेत होते, तेही मी पाच मिनिटं ऐकून घेतलं. फोटो निघाले नसते, तर कदाचित पुढेही ऐकलं असतं. मला माझीच शरम वाटते, दुसरं काय सांगू.

केरू : गुरुजी, देवीच्या समोर हाव आपन.

भास्कर : माहीत आहे.

केरू : येक पन नव्हता जळमट?

भास्कर : एकही नव्हतं.

केरू : वर, वाशात?

भास्कर : वाशातही नव्हतं. मी वर बघितलं होतं.

केरू : मंग ती खरा बोलत व्हती.

भास्कर : हो.

केरू : दोन वर्सा ती खरा बोलत व्हती आन् मी तिला, राहिला असंल कुटं तरी. माझ्याच घरातली बायको. तिचा हात मी रोज बगतो. आन् मी पेपराचा खरा मानला.

भास्कर : त्यात तुमची चूक नाही.

केरू : हाय ना. तुमची तुमच्याजवळ, माझी माझ्याजवळ.

नीरजा : सर, तुम्ही सदरात हे लिहाल? असंच, आत्ता सांगितलंत तसं?

भास्कर : लिहीन. छापतील की नाही ते माहीत नाही. सदर बंद होईल, होऊ दे. तुम्हीही लिहा. गलबत कशाने बुडालं ते माझ्या नावासकट लिहा. कमी करू नका.

नीरजा : लिहीन. फोटोही छापेन, रांगोळीचा. काका, मी मघाशी गावाला नाही नाही ते बोलले. तुम्ही नव्हतात तेव्हा. माफ करा.

केरू : तुमाला काय ठाव, बाय. तुमी पन पेपरच वाचून आलात.

भास्कर : मुंबईच्या खोलीवर दादूला मी स्वतः पत्र घालीन. दीपालीच्या सासरीही जातो. पत्ता द्या. त्या बाईंना समोर बसून सांगतो.

केरू : देतो. दादूला कळला पायजे. तो पोरगा अजून साहेबाच्या समोरनं मान खाली घालून जातो. दीपालीकडं पन जा, पन तितं लेक्चर देऊ नका, नुसता सांगा. पन पेपरात लिवून विमलाला काय कळनार नाय, गुरुजी. तिला वाचाया येत नाय, माझ्यासारकाच.

भास्कर : मी त्यांना भेटू? चालेल त्यांना?

केरू : ती समोर येयाची नाय. मागच्या टायमाला तुमाला ताक आतनं धाडलान्, तशीच. तुमी आलात, ही बाय आली, ह्ये तिला ठाव हाय. वरनं तिनं पन बगितलान्. मी म्हटला, मोटारसायकलवाले असतील. ती बोल्ली, नाय, ते आलेत तुमचे पेपरवाले, जावा. आन् चुलीपुढं जाऊन बसली.

भास्कर : तरी मला सांगायचंय त्यांना. तुमच्याकडून निरोप नको.

केरू : निरोप मी देनारच नाय. मी दिला तर तिला वाटंल, मी आपला समजूत काढतोय. चला. वटीवर बसा, च्या घ्या, कोराच हाय, म्हस आटलीय. आन् आत्ता हितं बोल्लात ना देवीपुढं, ता तसाच परत बोला. ती दाराआड असंल, तवा जरा मोठ्यानं बोला.